काम मार्गी लावणारा माणूस : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

१५ सप्टेंबर ही तारीख बहुतेक वर्षी गणेशोत्सवाच्या आगेमागे येते. त्या दिवशी खैरताबादच्या चौकातील विश्वेश्वरय्यांच्या पुतळ्याला हार पडतात, इंजिनिअर्स डे साजरा होतो, आणि आपण देखाव्यांच्या आणि रांगांच्या नादात तेथून तसेच पुढे निघून जातो. यंदा स्मरणिकेची जुळवाजुळव करायला बसलो तेव्हा आम्हाला वाटले, या गृहस्थांवर एकदा नीट लिहावे.

त्याला एक घरगुती कारणही आहे. आपल्या मंडळातील कितीतरी घरांत आता मुलगे-मुली बांधकामाच्या क्षेत्रात प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून काम करतात. मेट्रो, उड्डाणपूल, गच्चीबावलीकडच्या टोलेजंग इमारती, पाण्याच्या योजना. घरातील वडीलधाऱ्यांना इंजिनिअर म्हटले की कळते, ठेकेदार म्हटले की कळते. पण हा प्रोजेक्ट मॅनेजर नक्की करतो काय, हे उमगत नाही. नकाशा तो काढत नाही, वीट तो रचत नाही, पैसा त्याचा नसतो आणि इमारतही त्याची नसते. सकाळी सातला साइटवर जातो, रात्री नऊला चिखलाचे बूट घेऊन परततो आणि जेवताना फोनवर सिमेंटच्या गाड्यांविषयी बोलत राहतो. हे काय करिअर झाले, असा प्रश्न आयांच्या चेहऱ्यावर आम्ही पाहिला आहे.

हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या पुष्कळ आधी हे काम आयुष्यभर केलेला माणूस म्हणून आम्ही विश्वेश्वरय्यांकडे पाहतो. मेणबत्तीची गोष्ट, आगगाडीच्या रुळाची गोष्ट वाचकांना शाळेपासून पाठ आहे. ती इथे पुन्हा सांगत नाही. त्यांनी कामे कशी उभी केली आणि कशी सोडली, तेवढेच सांगायचे आहे.

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानात, चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी गावी झाला. घराणे तेलुगू भाषिक. पूर्वज आंध्रातील मोक्षगुंडम गावचे, म्हणून ते नाव. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे पंडित होते, पण मुलगा शाळेत असतानाच ते गेले. आई वेंकटलक्ष्मम्मा यांनी मुलाचे शिक्षण थांबू दिले नाही. बंगळूरला शिकवण्या करीत करीत त्यांनी सेंट्रल कॉलेजातून बी.ए. केले. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि हा विद्यार्थी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. १८८३ साली एल.सी.ई.च्या परीक्षेत मुंबई इलाख्यात ते पहिले आले आणि त्यांना बर्कले पारितोषिक मिळाले. बोरघाटातून रेल्वे नेणाऱ्या जेम्स बर्कले यांच्या नावाचे हे पारितोषिक.

पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये, मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांना असिस्टंट इंजिनिअरची जागा मिळाली. त्यानंतरची चोवीस वर्षे त्यांनी आपल्या मुलखात काढली. नाशिक, धुळे, सुरत, पुणे. त्यांचे चरित्र म्हटले की सगळे एकदम कावेरीवर आणि म्हैसूरच्या दिवाणगिरीवर जातात. पण ते घडले ते खानदेशात आणि पुण्यात, असे आमचे मत आहे.

धुळ्याचे एक काम पाहण्यासारखे आहे. पांझरा नदीच्या पात्राखालून पाण्याचा नळ पलीकडे नेऊन पाणी चढवायचे होते. म्हणजे सायफन. काम सुरू झाले आणि पावसाने गाठले. पात्रात पाणी वाढले, खणलेल्या जागी वाळू येऊन बसू लागली. तरुण विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना लिहिले की पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे. वरिष्ठांना ते रुचले नाही. नव्या माणसाने काम टाळण्याची सबब काढली, शिस्त मोडली, असा अर्थ त्यांनी घेतला. आता सांगा, साइटवर काम करणाऱ्या कोणत्या मुलाने किंवा मुलीने हे अनुभवलेले नाही? जागेवरचा माणूस सांगतो की नदी ऐकणार नाही, आणि कचेरीतील माणूस म्हणतो की तारीख ऐकणार नाही. विश्वेश्वरय्यांनी आपली सूचना मागे घेतली, पाणी ओसरेल तितक्या तितक्या संधीने काम पुढे रेटले आणि ते पुरे करून दाखवले. वरिष्ठांचे मतही बदलले. पण आम्हाला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. यानंतरच्या त्यांच्या प्रत्येक मोठ्या कामात पावसाळा आधी हिशेबात धरलेला दिसतो. काम वर्षांत मोजायचे नाही, दोन पावसाळ्यांमधल्या महिन्यांत मोजायचे, हा धडा त्यांनी पांझरेकाठी घेतला असावा.

१८९४ मध्ये त्यांना सिंधमधील सक्कर येथे पाठवण्यात आले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. सिंधू नदीचे गढूळ पाणी शहराला स्वच्छ करून द्यायचे होते आणि नगरपालिकेजवळ मोठे गाळणी-हौद बांधण्याइतका पैसा नव्हता. त्यांनी नदीच्या वाळूलाच गाळणी केले. वाळूतून झिरपून येणारे पाणी विहिरीत गोळा करून ते वर चढवण्याची व्यवस्था केली. १८९५ मध्ये योजना पुरी झाली आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी तिचे उद्घाटन केले. पैसा कमी आहे म्हणून काम अडवून ठेवायचे नाही, असलेल्या पैशात बसेल अशी कामाची रीत शोधायची, ही त्यांची पद्धत येथे पहिल्यांदा ठळक दिसते.

पुण्याच्या मुक्कामात त्यांचा न्यायमूर्ती रानडे, गोखले अशा मंडळींशी संबंध आला. १८९८ मध्ये ते जपान पाहून आले. १८९९ पासून पुणे जिल्ह्याच्या पाटबंधाऱ्यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत सुरू केली. ती समजून घेण्यासारखी आहे. कालव्याच्या तोंडाशी असलेले शेतकरी हवे तितके पाणी घेत, ऊस लावत. जमिनी चिबड होत, डास वाढत, आणि कालव्याच्या शेपटाकडच्या गावांना पाणी पोचतच नसे. विश्वेश्वरय्यांनी प्रत्येक गावासाठी ओलिताची जमीन ठरवून तिचे ब्लॉक पाडले. ब्लॉकच्या एका हिश्शात ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिके, आणि दर वर्षी पिकांची पाळी फिरवायची. पाणी ठरलेल्या मापाने आणि ठरलेल्या दिवशी.

तोंडाकडचे बागायतदार चिडले. पुण्याच्या वर्तमानपत्रांतून टीका झाली. विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांपुढे जाऊन पद्धत समजावून सांगितली आणि ती लोकांच्या गळी उतरवली. दख्खनच्या कालव्यांवर ती पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. पांझरा आणि मोसम या नद्यांच्या काठी खानदेशात जुनी फड पद्धत आहे. गावकरी मिळून बंधाऱ्याचे पाणी वाटून घेतात आणि फडाफडाने पिके फिरवतात. धुळ्याला राहिलेल्या या माणसाने ती पाहिली नसेल, असे आम्हाला वाटत नाही. एवढ्यात दगड-चुन्याचे काम काहीच नव्हते हे लक्षात घ्या. होते ते वेळापत्रक, मोजमाप आणि माणसांची समजूत. बांधकाम सांभाळणाऱ्याचे निम्मे आयुष्य या तिन्हींतच जाते.

खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे १९०३ चे. धरणाच्या सांडव्यावरून दर पावसाळ्यात पुष्कळ पाणी वाहून जाई. सांडव्याची भिंत उंच करावी तर मोठ्या पुरात धरणाला धोका. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर असे दरवाजे बसवले की पाणी सुमारे ८ फूट जास्त चढेपर्यंत ते बंद राहत, त्यावर गेले की आपोआप उघडत, आणि पाणी उतरले की पुन्हा मिटत. रात्री बेरात्री पुरात कोणी जाऊन कळ फिरवायला नको. या योजनेचे पेटंट त्यांच्या नावावर होते, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचे मानधन त्यांनी घेतले नाही. पुढे ग्वाल्हेरच्या तिघ्रा धरणावर आणि कावेरीवरही हेच दरवाजे बसले. ग्वाल्हेरची आपली नातेवाईक मंडळी हे वाचतील तर त्यांना बरे वाटेल.

एडनच्या लष्करी वसाहतीची पाणीयोजनाही त्यांनी आखून दिली. खात्यात अठराएक माणसांना मागे टाकून ते वर चढले होते. आणि येथे येऊन दार बंद होते. चीफ इंजिनिअरच्या जागेवर हिंदी माणूस बसण्याची त्या काळी शक्यता नव्हती. १९०८ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, मोठा हुद्दा हाती असताना त्यांनी सेवानिवृत्ती मागितली. कोणतीही दुसरी नोकरी हातात नव्हती. सरकारने मन वळवण्याचा प्रयत्न केला, पण ते बधले नाहीत. पेन्शन मंजूर झाले आणि ते युरोपच्या प्रवासाला निघाले.

त्याच वर्षी इकडे काय झाले, ते आपल्या जुन्या घरांना सांगायला नको.

२८ सप्टेंबर १९०८. आमच्या आज्या-पणज्या त्याला पूर म्हणत नसत, तुगयानी म्हणत. मोठी तुगयानी. विवेक वर्धिनी शाळा सुरू होऊन जेमतेम वर्ष झाले होते. मुसी नदी एका रात्रीत अफझलगंज, कोलसावाडी, घांसी बाजार या वस्त्यांत शिरली. सुमारे १५ हजार माणसे गेली असे मानतात. उस्मानिया दवाखान्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून दीडशेएक लोक वाचले; ते झाड आजही दाखवतात. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावणे धाडले, ते त्यांना इटलीत मिळाले. प्रवास आटोपून ते १५ एप्रिल १९०९ रोजी हैदराबादेत कामावर रुजू झाले.

आता या ठिकाणी आम्ही जरा थांबतो, कारण हैदराबादकर म्हणून आपल्या मनात एक समज पक्का आहे. विश्वेश्वरय्यांनी उस्मानसागर बांधला, हिमायतसागर बांधला, शहर वाचवले. भाषणांतही असेच सांगितले जाते. प्रत्यक्षात ते येथे सात महिने राहिले. धरणाचा एक दगडही त्यांच्या देखरेखीखाली बसला नाही. १ ऑक्टोबर १९०९ रोजी त्यांनी पूरनियंत्रणाचा अहवाल दिला आणि नोव्हेंबरात ते म्हैसूरला गेले. उस्मानसागर १९२० मध्ये पुरा झाला, हिमायतसागर १९२७ मध्ये. ते बांधले निजाम राज्याच्या इंजिनिअरांनी, ओव्हरसिअरांनी आणि मजुरांनी.

मग त्या सात महिन्यांत त्यांनी केले काय? पहिली गोष्ट, पूर का आला हे त्यांनी शोधले. नुसता पाऊस म्हणून ते थांबले नाहीत. मुसी आणि ईसा या नद्यांच्या वरच्या खोऱ्यात ७८८ तलाव होते. जुन्या राजवटींनी आणि गावांनी बांधलेले, एकाखाली एक माळेसारखे. त्या पावसात त्यांतले २२१ फुटले. वरचा फुटला की त्याचे पाणी खालच्यावर, तो फुटला की त्याच्या खालच्यावर. शहराच्या दारात जो लोंढा आला, तो या फुटलेल्या तलावांचाही होता. तलाव मोजणे, फुटलेले किती ते काढणे, पाऊस किती आणि लोंढा किती याचा हिशेब बसवणे, हे कंटाळवाणे काम आहे. त्याचा फोटो निघत नाही. पण ते झाल्याशिवाय पुढचा उपाय सुचत नाही.

दुसरी गोष्ट, उपाय. शहराच्या वर, दोन्ही नद्यांवर एकेक मोठा जलाशय बांधायचा, आणि तो भरून ठेवण्याआधी रिकामा कसा ठेवायचा याचा विचार करायचा. मोठा लोंढा आला की त्या मोकळ्या जागेत तो मावायचा आणि मग बेताबेताने खाली सोडायचा. पिण्याच्या पाण्याची सोय हा त्याच कामाचा दुसरा लाभ. शहरात नदीचे काठ बांधून काढायचे, काठाने रस्ते आणि बागा करायच्या, सांडपाण्याची व्यवस्था करायची. हे सगळे त्यांनी खर्चासह, क्रमासह लिहून दिले.

आणि ते निघून गेले. सहावे निजाम १९११ मध्ये वारले, मीर उस्मान अली खान आले. महायुद्ध झाले. माणसे बदलली, मंत्री बदलले, पण काम त्या आखणीवर चालू राहिले. आम्हाला यात त्यांचे खरे कसब दिसते. कोणतेही काम त्यांनी असे मांडून ठेवले की ते उठून गेल्यावर दुसऱ्या कोणाला तेथूनच पुढे नेता यावे. १९२२ मध्ये आणि पुन्हा १९३० मध्ये हैदराबादने त्यांना सांडपाण्याच्या कामासाठी बोलावले, तेव्हा ते आले, कागद पाहिले, सल्ला दिला, परत गेले. गंडीपेटचे पाणी प्यायलेला माणूस हैदराबाद सोडत नाही असे आपल्याकडे म्हणतात. हे पाणी ज्याने सुचवले तो मात्र राहिला नाही. ऑक्टोबर २०२० च्या पावसात शहरातले तलाव फुटले आणि खालच्या वस्त्या बुडाल्या, तेव्हा आमच्यापैकी काहींना त्या ७८८ तलावांची आठवण झाली होती.

म्हैसूरमध्ये ते चीफ इंजिनिअर झाले आणि कावेरीवरील कन्नंबाडी धरणाचे काम हाती घेतले. हेच पुढे कृष्णराजसागर. कोलारच्या सोन्याच्या खाणींना शिवनसमुद्रम येथून १९०२ पासून वीज जात होती, पण उन्हाळ्यात नदी आटली की वीज कमी पडे. खाणवाल्या कंपन्यांना जास्त वीज हवी होती आणि मंड्याकडच्या कोरडवाहू जमिनीला पाणी. एका धरणात दोन्ही होते. पण संस्थानाच्या अर्थखात्याला खर्चाची धास्ती वाटली. मंजुरी लांबत गेली. विश्वेश्वरय्यांनी त्रागा केला नाही. नव्या कामांत लक्ष घालणे मात्र कमी केले. महाराज कृष्णराज वाडियार यांच्या ते ध्यानात आले, त्यांनी कारण विचारले, आणि १९११ मध्ये पहिल्या टप्प्याला सुमारे ८१ लाखांची मंजुरी मिळाली.

नोव्हेंबर १९११ मध्ये काम सुरू झाले. कंपन्यांना जास्तीची वीज जुलै १९१५ पासून द्यायची असे ठरले होते. ती तारीख चुकली तर संस्थानाची पत जाणार होती. म्हणून कोणत्या आठवड्यात किती घनफूट चिणाई व्हायची, दगड किती फोडायचा, चुना-सुरखी किती मळायची, याचे आकडे ठरलेले असत. सिमेंट देशात जवळजवळ मिळत नव्हते. एवढे मोठे धरण चुना आणि सुरखीवर उभे राहिले. सुमारे दहा हजार माणसे कामावर होती. रात्रीच्या पाळ्या दिव्यांच्या उजेडात चालत. हिवतापाने मजूर आजारी पडत. नदी दर वर्षी पुराने येई आणि त्याआधी पाया ठरलेल्या पातळीवर आणावा लागे. १९१२ मध्ये विश्वेश्वरय्या दिवाण झाले, तरी धरणावरचे लक्ष त्यांनी काढले नाही. वीज ठरल्या दिवशी मिळाली.

यात एक कुरबूर होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मद्रास सरकारने लहान, सुमारे ११ टीएमसीच्या जलाशयाला संमती दिली होती. म्हैसूरने पाया घातला तो ४१.५ टीएमसीच्या धरणाचा. मद्रासने हरकत घेतली. १९१४ मध्ये लवादाचा निकाल म्हैसूरच्या बाजूने लागला, १९१६ मध्ये हिंदुस्थान सरकारने तो मान्य केला, १९१९ मध्ये विलायतेत तो रद्द झाला आणि शेवटी १९२४ मध्ये करार झाला. पुढे मागे भिंत उंच करावी लागणार म्हणून पाया आधीच रुंद घेणे, हे इंजिनिअर म्हणून बरोबर होते. पुन्हा पाया उकरता येत नाही. पण शेजाऱ्याशी पुरते बोलणे होण्याआधी घातलेला पाया किती पिढ्यांना भांडायला लावतो, तेही आपण पाहतोच आहोत.

आणखी एक. कन्नंबाडीसह कित्येक गावे या जलाशयाखाली गेली. हजारो माणसांना घरदार आणि देव सोडून उठावे लागले. वेणुगोपालाचे जुने देऊळ पाण्यात होते; दुष्काळात पाणी आटले की त्याचे दगड दिसत. अलीकडे ते दगड हलवून देऊळ काठावर पुन्हा उभारले आहे. मंड्याच्या घराघरांत आजही विश्वेश्वरय्यांचे छायाचित्र असते, ते योग्यच आहे. पण बुडालेल्या गावांतील माणसांची चित्रे कोणाच्या भिंतीवर नाहीत, हेही आम्हाला नोंदवावेसे वाटते.

दिवाणगिरीची सहा वर्षे मोठी धामधुमीची. म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, बंगळूरचे इंजिनिअरिंग कॉलेज, कन्नड साहित्य परिषद. दिवाण होण्यापूर्वी त्यांनी आप्तांना बोलावून बजावले की माझ्याकडे कोणी शिफारस घेऊन यायचे नाही, आणि ते पाळले. १९१८ मध्ये सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतर समाजांना जागा राखून ठेवण्याचा प्रश्न आला. विश्वेश्वरय्यांचे मत होते की निवड गुणांवरच व्हावी. महाराजांचे मत वेगळे होते. त्यांनी दिवाणपद सोडले. त्यांचा सचोटीचा हेतू आम्ही मान्य करतो, पण आजच्या दृष्टीने महाराजांची बाजू आम्हाला अधिक बरोबर वाटते. शाळेपर्यंतच जे पोचले नाहीत, त्यांना परीक्षेच्या गुणांनी मोजणे न्यायाचे नव्हते. यावर आमच्या संपादक मंडळातही दोन मते झाली, म्हणून ही ओळ चर्चेनंतर ठेवली आहे.

ते गेले तेव्हा कृष्णराजसागर अर्धवट होता. तो १९३१ मध्ये पुरा झाला, त्यांनी पद सोडल्यानंतर तेरा वर्षांनी. अडीच किलोमीटर लांबीची भिंत त्यांच्या मागून आलेल्यांनी त्याच पायावर चढवली. मुसीची गोष्ट येथे पुन्हा घडली.

एक काम मात्र बरोबर उलटे. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना त्यांच्याच काळातली कल्पना. १९२३ मध्ये तो सुरू झाला आणि महायुद्धानंतर लोखंडाचे भाव कोसळल्याने बुडू लागला. लोक उघड टीका करू लागले. संस्थानाने त्यांनाच अध्यक्ष म्हणून बोलावले आणि साठी ओलांडलेला हा माणूस १९२३ ते १९२९ तेथे खपला. खर्च कापला, यंत्रे आणि माणसे यांची घडी बसवली, कारखाना तगवला. या कामाचा मोबदला त्यांनी बंगळूरच्या तंत्रशिक्षण संस्थेसाठी दिला. आखणी चुकली असेल तर परत येऊन निस्तरणे, हेही या व्यवसायात मोडते, आणि ते कोणालाच आवडत नाही.

घरसंसार त्यांच्या वाट्याला फारसा आला नाही. कपडे नेहमी नेटके, फेटा व्यवस्थित, वेळ काटेकोर. १९१५ मध्ये सर ही पदवी मिळाली, १९५५ मध्ये भारतरत्न. नव्वदी ओलांडल्यावर, बिहारमध्ये गंगेवर पूल कोठे बांधावा हे ठरवण्यासाठी त्यांनी स्वतः जागा पाहिल्या. मोकाम्याजवळचा तो पूल १९५९ मध्ये खुला झाला.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याचे धरणही गेले, जेथे अठ्ठावन्न वर्षांपूर्वी त्यांचे दरवाजे बसले होते. तेव्हा शंभरीला आलेले विश्वेश्वरय्या बंगळूरला हयात होते. त्यानंतर नऊ महिन्यांनी, एप्रिल १९६२ मध्ये, ते गेले. त्यांची समाधी मुद्देनहळ्ळीत आहे.

आपल्या मंडळाच्या मुलामुलींपैकी जे साइटवर असतात, त्यांना यंदा मिरवणुकीला येता आले नाही तरी आम्ही रागावणार नाही. भाद्रपदात पाया वर काढायची घाई असते, हे आता आम्हाला थोडेसे कळले आहे. जे येतील त्यांनी खैरताबादवरून जाताना डाव्या-उजव्या बाजूला पाहून घ्यावे. गर्दीत फेटा बांधलेला पुतळा दिसेल.